ब्लॉक, नळी आणि पाच नॅनोग्रॅम

दोडामार्गच्या बाजारपेठेतून गोव्याची हद्द चालत गाठता येते. त्यामुळे इथल्या माणसाला ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असं कुणी सांगितलं की गाडी सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसकडे वळत नाही, अस्नोडा-म्हापसा करत बांबोळी गाठते. १९९९ मध्ये सावंतवाडीतून फुटून दोडामार्ग वेगळा तालुका झाला, तरी सवय तीच राहिली. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारनं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना पैसे लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं ते उगाच नव्हे. कॅन्सर निघाला तर आणखी एक वाट असते. थिवीला रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे दादरला उतरायचं आणि परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायचं.

दोन्ही वाटांवर नातेवाइकाच्या पिशवीत एक फुगलेली फाइल असते, सीटी स्कॅनचं मोठं पाकीट असतं आणि छोट्या प्लास्टिकच्या पुडीत रबरबँड लावलेला ‘ब्लॉक’ असतो. काडेपेटीहून चपटी अशी प्लास्टिकची जाळीदार चौकट, तिच्यावर घट्ट बसलेलं पांढरट मेण, आणि मेणात नखाएवढा करडा-तपकिरी तुकडा. कडेला नंबर. तो तुकडा म्हणजे रुग्णाच्या गाठीचा एक अंश. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, पाणी काढून, मेणात बसवलेला. नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नये, कारण हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं.

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला डॉक्टर ज्या प्रथिनांचा आधार घेतात, त्यांतली काही या ब्लॉकमध्ये असतात आणि काही रक्तात. रक्तातलं प्रथिन महिन्यागणिक बदलतं. ब्लॉकमधलं एकदाच वाचायचं असतं. या दोन्हींकडून वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि सगळा घोळ होतो तो एकाला दुसऱ्याचा प्रश्न विचारल्यामुळे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. कुठल्याही प्रथिनापेक्षा आजाराची स्टेज जास्त बोलते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरची वर्गवारी केली. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत पोचली का, एवढे दोनच प्रश्न. आजची टीएनएम पद्धत त्याच वाटेनं पुढे आली आहे. म्हणून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘किती ग्रंथी तपासल्या’ हा आकडा बघावा. तो निदान बारा असावा असा दंडक आहे. चारच ग्रंथी तपासून ‘एकाही ग्रंथीत कॅन्सर नाही’ असं लिहिलं असेल, तर त्या दिलाशाला फारसा अर्थ नाही. पण एकाच स्टेजचे दोन रुग्ण, एकाच शल्यविशारदानं ऑपरेशन केलेले, त्यांतला एक दहा वर्षं ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याच्या यकृतात दीड वर्षात गाठी दिसतात. हा फरक स्टेजला सांगता येत नाही. तिथून प्रथिनांचं काम सुरू होतं.

त्यांतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त गैरसमज झालेलं नाव सीईए, म्हणजे कार्सिनोएम्ब्रिओनिक अँटिजेन. १९६५ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात, फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते शोधलं. त्यांच्यापुढची अडचण अशी, की एकाची गाठ आणि दुसऱ्याची निरोगी पेशी घेऊन तुलना केली, तर सापडलेला फरक कॅन्सरचा की माणसामाणसातला, हे कळणार कसं? मोठ्या आतड्याचा कॅन्सर त्यांनी निवडला तो याचसाठी. तिथे शल्यविशारद गाठीबरोबर दोन्ही बाजूंचं निरोगी आतडंही काढतो, म्हणजे एकाच माणसाची दोन्ही ऊतकं हाती लागतात. गाठीचा अर्क सशाला टोचून त्यांनी प्रतिपिंडं तयार करवली, निरोगी आतड्यालाही चिकटणारी प्रतिपिंडं त्यातून गाळून टाकली, आणि जी उरली ती फक्त कॅन्सरला चिकटणारी. तोच पदार्थ पुढे पहिल्या सहा महिन्यांच्या गर्भाच्या आतड्यातही मिळाला. नावातला ‘एम्ब्रिओनिक’ तिथून आला.

निरोगी प्रौढ आतड्यातही सीईए थोडं बनतच असतं, हे नंतर कळलं. मग ते रक्तात का दिसत नाही? कारण निरोगी पेशीला वर-खाली कळतं. ती सीईए आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला सोडते आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅन्सरच्या पेशीचं हे दिशाभान सुटतं. ती चहूबाजूंनी सीईए सांडते आणि ते रक्तात, लसिकेत उतरतं. रक्तातलं सीईए साफ करण्याचं काम मुख्यतः यकृताचं. म्हणूनच यकृत बिघडलेल्या माणसाचं सीईए कॅन्सर नसतानाही चढतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं चढतं, आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या सुजेतही चढतं. लॅबच्या कागदावर साधारण ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा छापलेली असते. न ओढणाऱ्यांसाठी काही लॅब ती त्याहून खाली धरतात.

आता फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती बघा. त्यात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीईए हमखास घुसवलेलं असतं. धडधाकट माणसानं ही तपासणी करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे. आजार लहान असताना बहुतेकांचं सीईए नॉर्मलच असतं, त्यामुळे नॉर्मल आकड्यानं काही सिद्ध होत नाही. आणि वाढलेलं निघालं तर पन्नास कारणं निघतात. लक्षण नसलेल्या माणसात आतड्याचा कॅन्सर हुडकायला दुसरंच प्रथिन कामी येतं: शौचातलं हिमोग्लोबिन. डोळ्यांना न दिसणारं रक्त ‘फिट’ नावाच्या तपासणीत प्रतिपिंडांच्या मदतीनं पकडतात.

आणि दिसणारं रक्त? ते आपल्याकडे मूळव्याधीच्या खाती जमा होतं. काढे होतात, पथ्य होतं, ‘मूळव्याध-भगंदर’ची पाटी असलेल्या दवाखान्यात इंजेक्शन होतं. टाटा हॉस्पिटलनं २०१३-१४ च्या वर्षभरातल्या आठशे रुग्णांचा ताळेबंद प्रसिद्ध केला आहे. त्यात सरासरी वय ४७ होतं, पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा बरंच कमी. गुदाशयाचा कॅन्सर सगळ्यात जास्त होता. आणि लक्षणं सुरू होऊन रुग्ण तिथे पोचेपर्यंत सरासरी चार महिने गेले होते. गुदाशयातली गाठ पुष्कळदा बोटानं तपासूनच हाताला लागते. त्या तपासणीला ना लॅब लागते ना बांबोळी. लाज मधे येते एवढंच.

सीईएचा खरा उपयोग निदान झाल्यानंतरचा आहे आणि तो तीन वेळांना होतो. पहिली वेळ ऑपरेशनच्या आधी. हा आकडा घेतला नाही तर पुढच्या सगळ्या आकड्यांना तुलनाच राहत नाही, आणि नेमका तोच घाईगडबडीत राहून जातो. दुसरी वेळ ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं. रक्तातलं सीईए काही दिवसांत निम्मं होत जातं. गाठ पूर्ण निघाली असेल तर एवढ्या अवधीत ते खाली यायला हवं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रानं २०१८ मध्ये हजाराहून थोड्या जास्त रुग्णांचा अभ्यास छापला. आधीपासून नॉर्मल सीईए असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के तीन वर्षं आजार न उलटता राहिले. आधी वाढलेलं, पण ऑपरेशननंतर उतरलेलं, अशांचं प्रमाण ८८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ऑपरेशननंतरही जे चढलेलं राहिलं, त्यांचं मात्र ७५ च्या घरात. म्हणजे ऑपरेशनआधी आकडा मोठा आला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. बघायचं ते तो उतरला का.

तिसरी वेळ लांबत जाणारी. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षं पुरी होईपर्यंत सहा महिन्यांनी. आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून सुरुवातीला जास्त राखण. याच काळात रिपोर्ट हातात घेऊन मुलगा विचारतो, “आकडो वाडलो हा, म्हणजे परत इला काय ता?” त्याला द्यायचं प्रामाणिक उत्तर २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात आहे. ५ ची मर्यादा धरली तर आजार उलटलेल्या शंभरांपैकी ७१ जण एका तपासणीत सापडतात, २९ निसटतात. आणि आजार न उलटलेल्या शंभरांपैकी बारांना फुकटचा घोर लागतो. मर्यादा १० केली तर फुकटचा घोर तिघांवर येतो, पण सापडणारे ६८ होतात. म्हणून एकट्या आकड्यावर डॉक्टर हलत नाहीत. महिन्याभरानं पुन्हा तपासतात. ४, मग ७, मग १३ अशी चढण दिसली तर सीटी स्कॅन. ६, मग ५, मग ६ असं रेंगाळलं तर वाट बघणं. केमो चालू असताना सीईए काही आठवडे उगाचच चढू शकतं, तेही लक्षात ठेवावं लागतं. आणि लॅब बदलू नये: यंत्र वेगळं, प्रतिपिंडं वेगळी, की त्याच रक्ताचा आकडा वेगळा येतो. आज म्हापसा, पुढच्या वेळी सावंतवाडी, असं केलं की चढण खरी की लॅबची, हे कुणालाच सांगता येत नाही.

दोडामार्गाला एक वाईट कारणानं मिळालेली सवय इथे उपयोगी आहे. २०१६ च्या सुरुवातीला केर गावात माकडतापाची साथ आली, तेव्हा रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. नळी प्रवास करते, माणूस घरी राहतो, हे तालुक्यानं तेव्हा पाहिलं. सीईएची नळी याहून सोपी, खर्चही काहीशे रुपयांचा. ब्रिटनमध्ये ३९ हॉस्पिटलांतल्या १२०२ रुग्णांवर ‘फॅक्स’ नावाची चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला. लक्षणं दिसली तरच तपासणी झालेल्या गटात, उलटलेला आजार बरा करण्याच्या हेतूनं ऑपरेशन करता आलं ते २.३ टक्क्यांवर. नियमित सीईए झालेल्यांत ६.७ टक्के, नियमित सीटी झालेल्यांत ८ टक्के, आणि दोन्ही झालेल्यांत ६.६. म्हणजे दोन्ही करून वेगळा लाभ दिसला नाही. त्याच चाचणीत एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक आढळला नाही, हेही सांगायलाच हवं. तरी नळीवर राखण ठेवून, आकडा चढला तरच माणसाला बांबोळीला न्यायचं, ही पद्धत सीमेवरच्या तालुक्याला परवडणारी आहे असं मला वाटतं. अर्थात ज्याचं सीईए ऑपरेशनआधीही नॉर्मलच होतं, त्याच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. आणि असे रुग्ण पुष्कळ असतात.

आता ब्लॉककडे. लॅबमध्ये त्याच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढतात, काचेवर चिकटवतात आणि हव्या त्या प्रथिनाला धरणारं प्रतिपिंड त्यावर सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, नसेल तिथे पेशीचं केंद्रक निळंच राहतं. या कॅन्सरमध्ये अशा चार प्रथिनांकडे आधी बघतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. ही चौघं पेशीच्या छापखान्यातले मुद्रितशोधक. त्यांतला एक जरी गैरहजर झाला तरी चुका साठत जातात. इथे पॅथॉलॉजिस्ट जे शोधतो ते रंग नसणं. आणि रंग नाही तो प्रथिन नाही म्हणून की रसायनच फसलं म्हणून, हे त्याच काचेवर कळतं. गाठीच्या निळ्या पेशींच्या मधेमधे रुग्णाच्याच निरोगी लसिकापेशी तपकिरी दिसल्या, तर रंग चढला आहे, दोष गाठीतच आहे. मला या सगळ्या तंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. पुरावा आणि त्याचा पडताळा एकाच चकतीवर.

सगळ्या स्टेज मिळून साधारण १५ टक्के गाठींत हे मुद्रितशोधक बिघडलेले असतात. आणि अंदाज इथे उलटा फिरतो. चुकांनी भरलेली गाठ जास्त वाईट असायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण दुसऱ्या स्टेजमध्ये असे रुग्ण इतरांपेक्षा बरे राहतात. चुकांमुळे गाठीत चित्रविचित्र प्रथिनं तयार होतात, शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना ती परकी दिसतात आणि त्या गाठीत शिरतात. शिवाय नुसत्या ५-एफयूची केमो अशांना दुसऱ्या स्टेजमध्ये उपयोगी पडत नाही. म्हणजे चार चकत्यांच्या जोरावर एखाद्या कुटुंबाचे केमोचे सहा महिने, तेवढा गाडीखर्च, तेवढी बुडालेली मजुरी वाचू शकते. चौथ्या स्टेजमध्ये हा प्रकार चार-पाच टक्क्यांतच सापडतो आणि तिथे तो चांगला मानत नाहीत. पण तिथेच इम्युनोथेरपी लागू पडते. २०२० च्या कीनोट-१७७ या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांचा आजार मध्यमानानं साडेसोळा महिने थोपून राहिला, केमो घेणाऱ्यांचा आठ महिन्यांच्या थोडा वर. २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून आलेली बातमी पुष्कळांना आठवत असेल: गुदाशयाचा असा कॅन्सर असलेले बारा रुग्ण, डोस्टारलिमॅब हे एकच औषध, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असे मथळे तेव्हा झळकले. त्या बाराही जणांचे मुद्रितशोधक बिघडलेले होते, ही अट मथळ्यात मावली नाही. औषधाची किंमत तर मथळ्याखालीही नव्हती.

बाकीची नावं भराभर. बीआरएएफ या प्रथिनातला व्ही६००ई हा बदल सहसा वाईट खूण. केआरएएस बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध देऊन उपयोग नाही, हे २००८ च्या सुमारास पक्कं झालं. सीडीएक्स२ आतड्याच्या पेशीला तिची ओळख देतं. २०१६ मध्ये दालेर्बा, देबाशिष साहू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या थोड्या गाठींत ते पुसलं गेलेलं असतं, त्यांचं पुढचं चित्र वाईट असतं. पण दुसऱ्या स्टेजमधल्या अशा रुग्णांना केमो दिली तर पाच वर्षं आजाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण ५६ वरून ९१ टक्क्यांवर जातं. आकडा भुरळ घालणारा आहे, रुग्ण थोडे होते. पॅरिसच्या जेरोम गॅलों यांनी २००६ पासून वेगळीच वाट धरली. त्यांनी गाठीच्या पेशी सोडून तिच्यात शिरलेल्या प्रतिकारक पेशी मोजायला घेतल्या, सीडी३ आणि सीडी८ या प्रथिनांच्या खुणेवरून.

अशी शेकडो प्रथिनं दरवर्षी नियतकालिकांत ‘आशादायक’ ठरतात आणि तिथेच राहतात. रुग्ण कमी, चाळणीचा आकडा निकाल बघून ठरवलेला, दुसऱ्या गावातल्या रुग्णांवर पडताळा नाही. या रोगावर इलाज म्हणून २००५ मध्ये ‘रिमार्क’ नावाची नियमावली आली. पीक काही थांबलं नाही. उलट ज्यांना कुणी बायोमार्कर म्हणून मिरवत नाही अशी दोन प्रथिनं तालुक्याच्या लॅबमध्येही मोजली जातात. सीआरपी आणि अल्ब्युमिन. ग्लासगोच्या डोनाल्ड मॅकमिलन यांच्या गटानं त्यांवरून गुणपद्धत बसवली: सीआरपी दहाच्या वर असेल तर एक गुण, त्याच्या जोडीला अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर दोन. गुण जास्त तितकं चित्र वाईट. शरीरात धुमसणारी सूज त्यातून कळते. पण ती सूज दुखऱ्या दाताची की गाठीची, हे सीआरपीला ठाऊक नसतं.

ब्लॉकचं बोलणं एका रुग्णापाशी संपत नाही. चारांपैकी एखादं प्रथिन गैरहजर असेल, तर तो बिघाड त्या गाठीपुरता घडलेला असू शकतो, किंवा जन्मापासून, आई-वडिलांकडून आलेला असू शकतो. दुसऱ्या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तिशी-चाळिशीत आतड्याचा कॅन्सर, आईला किंवा मावशीला गर्भाशयाचा, असा इतिहास घरात निघाला की शंका घ्यायची. एमएलएच१ गैरहजर असेल आणि त्याच गाठीत बीआरएएफचा तो बदलही सापडला, तर बिघाड बहुधा गाठीपुरताच असतो. नाहीतर रक्तातून जनुकांची तपासणी. टाटाच्या खारघर केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेचं काम चालतं. घरात लिंच पक्कं झालं, तर ज्या भावंडांत तो आहे त्यांची कोलोनोस्कोपी साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी करतात, आणि अंकुर दिसला की तिथल्या तिथे काढून टाकतात. अडचण अशी की आईची फाइल बांबोळीला, मामाची परळला, एक बहीण लग्न होऊन डिचोलीला आणि धाकटा नोकरीला पुण्यात. घरात कुणाकुणाला, कितव्या वर्षी, कुठला कॅन्सर झाला, हे एका कागदावर लिहून नेलं तर ओपीडीतल्या डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.